व्हल्कनची इंजिनं

बोरघाटातून बैलगाडी जाईल असा रस्ता 1830 साली झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी नोव्हेंबरात तो खुला केला आणि पुण्याचा माल बैलाच्या पाठीवरून उतरून गाडीच्या चाकांवर आला. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर ही वाफेच्या इंजिनांची रेल्वे सुरू झाली. आणि त्याच वर्षी, या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, न्यूटन-ल-विलोज या गावाजवळ चार्ल्स टेलर नावाच्या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने एक ओतशाळा काढली. रोमन लोकांच्या अग्नीच्या आणि लोहारकामाच्या देवावरून पुढे तिचं नाव व्हल्कन फाउंड्री पडलं.

मी नारायण पेठेत, मोदी गणपतीच्या मागच्या अंगाला राहतो. माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून झाली. आजोबा जीआयपी रेल्वेच्या कल्याण शेडमध्ये फिटर होते. त्यामुळे ‘16 एप्रिल 1853 रोजी पहिली रेल्वे धावली’ एवढं वाक्य वाचून माझं समाधान कधीच झालं नाही. ते इंजिन ओतलं कुणी, त्याचे रिव्हेट कुठल्या शेडमध्ये ठोकले गेले, ते इथपर्यंत आलं कसं, हे मला हवं असतं. शोधत गेलो की उत्तर व्हल्कनपाशी पोचतं. तेही एकदा नाही. पुण्याच्या वाटेवरच्या इंजिनांचा माग काढताना शंभर वर्षांत हे नाव पुन्हा पुन्हा समोर येतं, म्हणून ही हकीकत सांगतो आहे.

टेलरने सुरुवात पुलांच्या तुळया, रुळांचे सांधे आणि काटे अशा सामानापासून केली. नवी रेल्वे शेजारून जात होती, सामान तिथेच खपत होतं. इंजिनं बनवणारा त्या काळचा सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे रॉबर्ट स्टीफन्सन. त्याचा कारखाना दूर न्यूकॅसलला होता आणि तिथून लँकेशायरमध्ये इंजिन पोचवणं जिकिरीचं होतं. 1832 मध्ये तो टेलरचा भागीदार झाला. 1833 साली इथली पहिली दोन इंजिनं बाहेर पडली आणि त्यांना भागीदारांचीच नावं दिली गेली, ‘टेलर’ आणि ‘स्टीफन्सन’. दोन-तीन वर्षांतच बेल्जियम, फ्रान्स, ऑस्ट्रिया, रशिया अशा देशांत इथली इंजिनं जाऊ लागली. ग्रेट वेस्टर्न ही इंग्लंडची सात फुटी रुळांची रेल्वे. तिच्यावर 1837 च्या अखेरीस धावलेलं पहिलं इंजिनही इथलंच होतं आणि त्याचं नाव होतं ‘व्हल्कन’. स्टीफन्सन काही वर्षांनी भागीदारीतून बाहेर पडला, पण आपल्या गोष्टीतून तो बाहेर पडत नाही.

कारण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, उभी राहिली तेव्हा तिचा सल्लागार इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सनच होता. मुंबईत प्रत्यक्ष काम पाहायला मुख्य इंजिनिअर म्हणून आलेला जेम्स बर्कली हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. इकडे नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी या रेल्वेसाठी आपलं वजन खर्च केलं होतं. रुळांमधलं अंतर साडेपाच फूट ठरलं, इंग्लंडच्या नेहमीच्या मापापेक्षा बरंच रुंद. त्या मापाची आठ इंजिनं व्हल्कनने 1852 साली बनवली.

त्या काळी इंजिन कसं घडायचं, हे थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या लिखाणात रेल्वे येते ती पाहुण्यांच्या यादीसकट येते, कारागिरांशिवाय. सिलिंडर बिडाचा. त्यासाठी आधी लाकडाचा पॅटर्न करायचा, आणि तो नेमक्या मापाचा करून चालत नाही. बीड थंड होताना फुटामागे साधारण एक दशांश इंच आकसतं, म्हणून पॅटर्नमेकर तेवढं माप वाढवूनच कापतो. पॅटर्न दोन पेट्यांमध्ये ठेवून भोवती वाळू ठासायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा, आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर बसवायचा, मग रस ओतायचा. वाळूत ओल जास्त राहिली की वाफेचे बुडबुडे सिलिंडरच्या भिंतीत अडकतात, आणि हा दोष तासणीच्या वेळी उघडा पडतो, म्हणजे आठवड्याची मेहनत वाया. बॉयलर मात्र ओतत नाहीत. तो घडीव लोखंडाच्या पत्र्यांचा, वाकवून, भोकं पाडून, तापलेले रिव्हेट ठोकून सांधलेला. एक पोरगा भट्टीतून लाल रिव्हेट चिमट्याने फेकणार, आतला माणूस त्याचं डोकं दाबून धरणार, बाहेरचे दोघे आळीपाळीने घण मारणार. बॉयलरच्या पोटात बसून काम करणारी ही माणसं तरुणपणीच बहिरी होत.

ही इंजिनं जहाजात चढली. सुएझचा कालवा 1869 चा, म्हणजे अजून खणलाच नव्हता. सगळा माल आफ्रिकेला वळसा घालून यायचा, कित्येक महिने समुद्रावर. मुंबईच्या धक्क्यावर जड यंत्र उतरवणं, ते रुळांपर्यंत ओढत नेणं, जोडून पुन्हा पाणी भरून पाहणं, हे काम इथल्या हमालांनी, खलाशांनी आणि लोहारांनी केलं. त्यांची नावं कुठल्याच वृत्तांतात नाहीत.

16 एप्रिल 1853, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, बोरीबंदरहून 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन गाडी ठाण्याला निघाली. 21 तोफांची सलामी झाली. अंतर 21 मैल, साधारण सव्वा तासाचा प्रवास. पुढे तीन इंजिनं जोडली होती: साहिब, सिंध आणि सुलतान. तिन्ही व्हल्कनची, त्या आठांपैकीच. पुढच्या काळात याच कारखान्यातून भारतातल्या रेल्वेंना सुमारे 2,750 इंजिनं मिळाली, त्यातली ही पहिली. त्या तिघांपैकी एकही आज कुठल्या संग्रहालयात उभं नाही. भारतात जपून ठेवलेलं ‘फेअरी क्वीन’ हे 1855 चं इंजिन लीड्सच्या दुसऱ्या कारखान्याचं. साहिब, सिंध, सुलतान यांचं लोखंड कुठे वितळलं कुणास ठाऊक. इतक्या मोठ्या घटनेच्या मुख्य साक्षीदारांना आपण भंगारात जाऊ दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुण्याला रेल्वे आली ती तुकड्यातुकड्याने. मुंबईकडून रूळ 1856 मध्ये खोपोलीपर्यंत आले. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे गाडी 14 जून 1858 ला सुरू झाली. मधला घाट मात्र पालखी, तट्टू, नाहीतर बैलगाडी. पाच वर्षं पुणेकर असाच मुंबईला जात होता: पुण्यात गाडीत बसायचं, खंडाळ्याला उतरायचं, माल्कमसाहेबाच्या रस्त्याने घाट उतरायचा, खोपोलीला दुसऱ्या गाडीत चढायचं. आपल्या पेठांमधल्या लोकांनी रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती ही अशी, अर्धी.

घाट पुरा करणं ही त्या काळातली भयंकर कामगिरी होती. सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढायचं, 25 बोगदे फोडायचे, दऱ्यांवर कमानी बांधायच्या. सर्वांत कठीण जागी चढ 37 फुटांना एक फूट. खंडाळ्याजवळ उलट फिरण्याचं स्टेशन करावं लागलं: गाडी एका दिशेने येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. काम 1856 ला सुरू झालं. पहिला ठेकेदार फेव्हिएल याच्याकडून ते काढून घेतलं गेलं. 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल आला आणि मुंबईत उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल इंग्लंडला परतून गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने ठेका स्वतःच्या नावावर घेतला आणि काम तडीस नेलं. 1861 मध्ये एका वेळी 42,000 हून जास्त मजूर घाटात होते. देशावरचे, कोकणातले, दूरदूरचे. पटकी, ताप आणि सुरुंगाचे अपघात यांत हजारो मेले. बर्कलीही काम पुरं व्हायच्या आधीच, 1862 मध्ये वारला. 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला.

मग डागडुजीचे कारखाने आले. भायखळ्याला 1854 पासून, आणि 1879 मध्ये परळला मोठा. परळच्या माणसांना इंजिनातलं काय येत नव्हतं? बॉयलर उघडून नळ्या बदलणं, सिलिंडर नव्याने तासणं, चाकांच्या धावा चढवणं, मोडलेला भाग ओतून घेणं. इंजिनाचा एकूण एक अवयव त्यांच्या हाताखालून गेलेला होता. पण पुरं इंजिन बनवायचं म्हटलं की मागणीपत्र इंग्लंडला जायचं. भारतात बांधलेलं पहिलं इंजिन अजमेरच्या कारखान्यातून 1895 साली निघालं, म्हणजे बोरीबंदरच्या गाडीनंतर बेचाळीस वर्षांनी. त्यानंतरही 1947 पर्यंत इथे बांधलेल्या इंजिनांची बेरीज सुमारे 700 वरच थांबते. सुरुवातीपासून 1947 पर्यंत एकट्या ब्रिटनमधून आलेली इंजिनं 14,000 च्या वर भरतात. ही तफावत अंगच्या कौशल्यातली नव्हती, ठरवून ठेवलेली होती. पॅटर्नमेकर म्हणून मी हे छातीठोकपणे म्हणतो: ज्याला मोडलेला सिलिंडर जुन्याच्या मापावरून ओतता येतो, त्याला नवा ओतता येतोच.

हे पुण्यात त्या वेळी कुणाला दिसत नव्हतं असं नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1890 च्या सुमाराला पुण्यात औद्योगिक परिषद भरवायला सुरुवात केली. 1892 च्या परिषदेत त्यांनी लोखंडउद्योगावर निबंध वाचला. देशी लोखंड गाळण्याचे आजवरचे प्रयत्न का फसले, सरकारने कुठे हात दिला असता तर ते टिकले असते, असा त्याचा रोख. रानडे शिव्याशाप देत नाहीत. मागचे प्रयत्न एकेक घेऊन तपासतात आणि सरकारपुढे त्याची जबाबदारी ठेवतात. पुढच्या पिढीने तोच विचार रस्त्यावर आणला. 1905 मध्ये टिळकांनी आमच्या नारायण पेठेतला गायकवाड वाडा विकत घेतला, तोच आजचा केसरीवाडा, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. स्वदेशी म्हटलं की आपल्याला कापड, साखर, तळेगावचा पैसाफंडाचा काचकारखाना आठवतो. इंजिन आठवत नाही, कारण ते कुणा एका माणसाला विकत घ्यायचंही नव्हतं आणि नाकारायचंही नव्हतं. ते सरकार घेत होतं आणि पैसा जनतेचा होता.

एक प्रयत्न मात्र झाला. 1921 मध्ये जमशेदपूरजवळ पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली, सरकार इंजिनं इथेच घेईल या भरवशावर. कारखाना उभा राहिला आणि ऑर्डर आलीच नाही. संरक्षण मागितलं, तेही मिळालं नाही. अखेर सरकारनेच तो कारखाना घेतला आणि तिथे डब्यांच्या चौकटी बनू लागल्या. नेमक्या त्याच वर्षांत व्हल्कनमधून एक्सबी आणि एक्ससी या नव्या जातींची वाफेची इंजिनं बोटी भरून भारतात येत होती. ती तफावत ठरवून ठेवलेली होती, हे दाखवायला एवढा एकच दाखला पुरेसा आहे.

आणि मग खेकडा.

1920 च्या दशकात जीआयपीने घाटात वीज आणायचं ठरवलं. 1,500 व्होल्टची डीसी वीज, ठाकुर्लीच्या वीजघरातून. खंडाळ्याचं उलटं स्टेशन सोडून नवी वाट काढली गेली आणि 1929 मध्ये कल्याण ते पुणे विजेची गाडी धावू लागली. मालगाड्यांसाठी ईएफ-1 जातीची 41 इंजिनं घेतली. पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथुरहून आली आणि बाकीची व्हल्कनमधून, आतली विजेची यंत्रणा मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. मधे चालकाची खोली, पुढेमागे दोन लांब नाकं, आणि वळणावर तिन्ही भाग वेगवेगळे वळतात. मोटारीची ताकद चाकांपर्यंत पोचवायला वाफेच्या इंजिनासारखे दांडे. वजन सव्वाशे टनांच्या आसपास, ताकद 2,600 अश्वशक्ती. परदेशात अशा इंजिनांना मगर म्हणतात. आपल्या लोकांनी त्यांना खेकडा म्हटलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं.

आजोबांचं आयुष्य या खेकड्यांच्या दांड्यांखाली गेलं. त्या दांड्यांच्या पितळी बुशिंग्ज झिजल्या की इंजिन कण्हत चालायचं, आणि आवाजावरून कुठली बुशिंग गेली हे ते सांगायचे. घाट उतरताना हे इंजिन मोटारीच उलट्या वापरून वेग आवरायचं आणि तयार झालेली वीज तारेत परत सोडायचं. एक गाडी उतरताना दुसरी चढणारी गाडी ओढली जाते, हे ते आम्हा पोरांना पाटीवर आकृती काढून समजवायचे. त्यांचं शिक्षण मराठी चौथी. हे तत्त्व त्यांना इंजिनिअरइतकंच नीट कळलेलं होतं, आणि तरी त्यांच्या बढतीची हद्द चार्जमनच्या अलीकडे ठरलेली होती. वरच्या जागा बराच काळ गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियनांसाठी राखून होत्या.

खेकडे दणकट निघाले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांतले काही मुंबईला शंटिंग करत होते. पहिल्या दहांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. स्वातंत्र्यानंतरही लगेच व्हल्कन सुटलं नाही. 1954-55 मध्ये मध्य रेल्वेसाठी डब्ल्यूसीएम-1 जातीची सात विजेची इंजिनं आली, ती इंग्लिश इलेक्ट्रिक आणि व्हल्कन यांचीच.

दरम्यान जमशेदपूरचा तो जुना कारखाना 1945 मध्ये टाटांकडे गेला आणि तिथे टेल्को उभी राहिली. 1952 पासून जून 1970 पर्यंत तिथे वाफेची इंजिनं बनली. 1960 च्या दशकात हीच कंपनी ट्रक घेऊन आमच्या पिंपरी-चिंचवडला आली, आणि तिच्या आसपास ज्या शेकडो लहान-मोठ्या फाउंड्र्या उगवल्या त्यांतल्याच एकीत माझी भाकरी होती. बंगालमध्ये चित्तरंजनचा सरकारी कारखाना 1950 पासून वाफेची इंजिनं बनवत होता. तिथेच भारतात बनलेलं पहिलं विजेचं इंजिन तयार झालं. ते 1,500 व्होल्ट डीसीचं होतं, म्हणजे आपल्या मुंबई-पुणे मार्गासारख्या वाटांसाठी. 14 ऑक्टोबर 1961 ला पंडित नेहरूंच्या हस्ते ते रुळांवर आलं. त्याचं नाव ठेवलं ‘लोकमान्य’. त्या जातीची एकूण 21 इंजिनं निघाली.

नारायण पेठेत टिळकांच्या आठवणी पावलोपावली आहेत, पण या इंजिनाबद्दल इथे कुणी बोलत नाही. मला विचाराल तर टिळकांच्या नावाने जे जे काही झालं त्यात हे इंजिन फार वरच्या जागी आहे. पुतळ्याला हार घालावा लागतो. ‘लोकमान्य’ वजन ओढत होतं.

व्हल्कनचं पुढे काय झालं तेही सांगतो. 1955 मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकने ती विकत घेतली. डेल्टिक नावाची गाजलेली डिझेल इंजिनं 1961-62 मध्ये तिथे बनली, मग मालक बदलत गेले, काम आटत गेलं आणि 2002 मध्ये दारं बंद झाली. जागेवर आता घरं आहेत. कामगारांसाठी 1830 च्या दशकात वसवलेलं व्हल्कन व्हिलेज, मधल्या त्रिकोणी हिरवळीभोवतीच्या घरांसह, अजून उभं आहे आणि त्याला जतनाचं संरक्षण आहे. तिथल्या मोल्डरांबद्दल, रिव्हेट मारणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी केलेलं काम चोख होतं. आपल्या माणसांना तेच काम करू दिलं नाही, ही तक्रार त्यांच्याशी नाही.

त्यांच्या गावाची, कामगारांची, इंजिनांच्या क्रमांकांची नोंद त्यांच्याकडे नीट ठेवलेली आहे. कल्याण, लोणावळा, परळ, कर्जत इथल्या आपल्या फिटर, फायरमन, बॉयलरमेकर यांची तशी नोंद नाही. पुण्यातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा जीआयपीत होते. माळ्यावर त्यांचं सेवापुस्तक असेल, शेडमधला फोटो असेल, हाताने उतरवलेल्या मापांची वही असेल, पितळी बिल्ला असेल. घर नव्याने बांधायला काढताना हे सगळं रद्दीत जातं, हे मी आमच्याच आळीत डोळ्यांनी पाहिलं आहे. वाचकांना हात जोडून विनंती आहे: तसं करू नका. त्या कागदावर नाव, गाव, शेड आणि वर्ष लिहा, फोटोतली माणसं ओळखणारं कुणी हयात असेल तर आजच विचारून घ्या, आणि मग ते सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा रेल्वेच्या संग्रहालयाकडे नेऊन दाखवा.